काठीवरची कडी: अकीक, माणिक की मॉइसानाइट?

कान साफ करायची कापसाची काडी घ्यायची, रॉडच्या टोकाच्या कड्यात घालायची आणि आतल्या काठावरून हलक्या हाताने गोल फिरवायची. कापूस सरळ फिरून आला तर कडं शाबूत. एखादा तंतू मध्येच अडकून मागे राहिला तर तिथे चीर आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटालाही लागत नाही. पण दिवसभराच्या फेकींत नवी कोरी लाईन पिसारून टाकायला तेवढी पुरते. मग खडकाच्या कपारीतली एखादी तांबोशी लागते, दोन झटके देते आणि हातात नुसती हलकी काठी उरते. गरवणारा दोष देतो गाठीला, लाईनला, नशिबाला. कड्याकडे त्याचं लक्ष सगळ्यात शेवटी जातं, बहुतेकदा जातच नाही.

ही कडी म्हणजे रॉडवाले ज्याला ‘गाइड’ म्हणतात ती. धातूची एक छोटी चौकट, तिचे पाय काठीवर दोऱ्याने गुंडाळून वर इपॉक्सी लावून बसवलेले, आणि चौकटीच्या आत घट्ट दाबून बसवलेली गुळगुळीत रिंग. रीलमधून निघालेली लाईन या रिंगांतून ओवून टोकापर्यंत जाते. साधारण हिशेब असा की काठी जितकी फूट लांब, तितकी कडी आणि वर एक. म्हणजे 9 फुटी काठीवर 10 च्या आसपास. लाईनचा काठीला जो स्पर्श होतो तो सगळा या दहा ठिकाणी. तरीही दुकानात रॉड घेताना चर्चा होते ती कार्बनची, लवचिकपणाची, मुठीवरच्या कॉर्कची. कड्यांवर फक्त एक चकचकीत लेबल असतं आणि त्यावर ‘सिरॅमिक’ असं लिहिलेलं असतं. ‘धातू’ म्हणावं तितकाच मोघम तो शब्द आहे. चहाच्या कपालाही तो लागू पडतो.

कोकणातल्या खाडीवर चिव्याची काठी घेऊन बसलेल्या पोराला यातलं काहीच लागत नाही. तंगूस काठीच्या टोकाला बांधला, खाली गरी, वर बुचाचा तुकडा, काम झालं. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांवर चालणारी ‘तेनकारा’ पद्धत याच तत्त्वावर उभी आहे, तिच्या काठीवर एकही कडं नसतं. कड्यांचा प्रश्न निर्माण झाला तो रील आल्यावर. मासा लाईन ओढून नेणार, माणूस ती परत गुंडाळणार, आणि या येण्या-जाण्यात लाईन काठीवर घासणार, म्हणून मध्ये काहीतरी हवं.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी काठ्यांवर पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या सैल रिंगा असायच्या. काठी आडवी धरली की त्या लोंबायच्या, उभी धरली की काठीला चिकटायच्या. लाईन रेशमाची, फेक जवळची, त्यामुळे चालून जायचं. शतकाच्या अखेरीस ताठ उभ्या राहणाऱ्या रिंगा आणि सापासारख्या वळवलेल्या तारेचे गाइड आले. त्याच सुमारास चांगल्या काठ्यांच्या टोकाला आणि मुठीजवळच्या पहिल्या गाइडमध्ये दगड बसू लागला. तो दगड होता अकीक.

इथून पुढे या सगळ्या प्रकरणाला सराफकट्ट्याचं रूप येतं, आणि ते मराठी वाचकाला परकं वाटायचं कारण नाही. अकीक आपल्या पायाखाली आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत सिलिका थराथराने साचत गेली आणि तिचे पट्टेदार गोटे झाले. महाराष्ट्रात नांगरलेल्या शेतात ते आजही सापडतात. गुजरातेत खंबायतला हेच दगड भाजून, छिद्रं पाडून, मणी करण्याचा धंदा शतकानुशतकं चालत आला आहे. युरोपात तेच काम जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन या गावाचं. अकीक घासून आरशासारखा होतो, त्याचे कण बारीक असतात, आणि ओलं रेशीम त्यावरून सहज सरकतं. बांबूच्या चिरफळ्या जोडून हाताने काठी घडवणारे कारागीर अजूनही पहिल्या गाइडला अकीक लावतात. त्यात शोभेचा भाग मोठा आहे, हे कबूल करायला हरकत नाही. तपकिरी बांबूवर मधाळ रंगाचं कडं दिसतं फार देखणं.

पण अकीक पडला की फुटतो. शिवाय त्याच्यात एक मूळचीच अडचण आहे. अकीक म्हणजे सिलिका, आणि किनाऱ्यावरच्या वाळूतला क्वार्ट्झ म्हणजेही सिलिकाच. मोह्‌सच्या काठिण्य-पट्टीवर क्वार्ट्झ 7 वर, अकीक साडेसहा ते सात. ओली लाईन वाळूवर पडली, दोन कण घेऊन रिंगेतून गेली, की सारख्याला सारखा घासला जातो.

लाईन कड्याला कशी कापते, हे जुन्या विहिरीच्या काठावर पाहावं. काळ्या दगडाच्या कठड्यावर बोट बसेल इतक्या खोल खाचा पडलेल्या असतात. काथ्याचा दोर दगडापेक्षा कितीतरी मऊ, तरी दगड कापला गेला. दोराला चिकटून आलेल्या मातीच्या आणि रेतीच्या कणांनी यातलं बरंचसं काम केलेलं असतं. दोर त्यांचा भारवाहक. रॉडवरही हेच चालतं. लाईन स्वच्छ असेल तर रिंग वर्षानुवर्षं टिकते. लाईन विणलेली असेल आणि तिच्या विणीत बारीक रेती अडकली असेल, तर ती लाईन म्हणजे लांबच लांब कानस.

म्हणून रिंगेचं पहिलं गणित असं: तिचा पदार्थ 7 पेक्षा बराच वर असावा. साधं पोलाद तिथे पोचत नाही. पोलादावर हार्ड क्रोमचा मुलामा चढवला तर पृष्ठभाग पुरेसा कठीण होतो, पण तो मुलामा अगदी पातळ. तो एका जागी उडाला की खालच्या मऊ धातूत चर पडायला लागतो, आणि अर्धवट उडालेल्या मुलाम्याची कड लाईनला सुरीसारखी लागते.

मधल्या काळात एक उपाय यंत्रशाळेतून आला. जर्मनीत 1920 च्या दशकात टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधून हत्यारं करायला सुरुवात झाली. क्रुप कंपनीने त्याला नाव दिलं ‘विडिया’, म्हणजे जर्मनमध्ये ‘हिऱ्यासारखं’. भोसरीतल्या किंवा साताऱ्याच्या लेथवाल्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या खणात विडियाचं टूल असतंच. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने तोच पदार्थ ‘कार्बोलॉय’ नावाने विकला आणि त्याची कडी खोल समुद्रातल्या काठ्यांवर बसली. झिजत नाहीत म्हणजे नाहीतच. पण टंगस्टन कार्बाइड पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड. एक घन सेंटिमीटर तुकडा 15 ग्रॅमच्या आसपास भरतो. जाड काठीला तो भार पेलतो. हलक्या काठीच्या शेंड्यावर तो टांगणं म्हणजे वेताच्या छडीला नारळ बांधणं.

खरा बदल जपानने घडवला. शिझुओका प्रांतातल्या फुजी कोग्यो या कंपनीने भट्टीत भाजलेल्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या रिंगा गाइडमध्ये बसवल्या आणि बघता बघता जगभरच्या रॉड-कारखान्यांनी त्या उचलल्या. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, थोडक्यात अ‍ॅल्युमिना, हे रसायनशास्त्रातलं नाव. निसर्गात स्फटिकरूपाने सापडतं तेव्हा त्याला कुरुंद म्हणतात. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द तमिळ ‘कुरुंदम’ आणि संस्कृत ‘कुरुविंद’ यांच्याच घराण्यातला. त्यात क्रोमियमचा अंश मिसळला की माणिक होतं, लोह आणि टायटॅनियमचा मिसळला की नीलम. मोटारसायकलच्या स्पार्क प्लगवरचा पांढरा भाग हाच. काठिण्य 9. म्हणजे बाजारातल्या सर्वसाधारण रॉडवर, लेबलावर काहीही छापलेलं असो, गरवणारा बिनपाण्याची माणकं घेऊन फिरत असतो.

अ‍ॅल्युमिनाचेही दर्जे आहेत, आणि घोळ इथेच होतो. कण किती बारीक, भाजणी किती दाट, आणि शेवटची घासाई किती, यावर रिंग ठरते. स्वस्त रिंगेत सूक्ष्म भोकं राहतात, तिचा पृष्ठभाग भिंगाखाली नाचणीच्या भाकरीसारखा दिसतो. फुजीच्या यादीत याच कुळातल्या दोन-तीन पायऱ्या आहेत: साधी ओ-रिंग, मग हार्डलॉय, मग अल्कोनाइट. अल्कोनाइटची रिंग पातळ करता येते, आणि पातळपणाचा फायदा पुढे येईलच.

त्यानंतर पाळी आली सिलिकॉन कार्बाइडची. या पदार्थाची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. 1891 साली अमेरिकेतला एडवर्ड अ‍ॅचेसन माती आणि कोक विजेच्या प्रचंड उष्णतेत तापवून कृत्रिम हिरे करायच्या खटपटीत होता. हिरे झाले नाहीत, पण चमकदार कठीण खडे मिळाले. त्याला वाटलं हे कार्बन आणि कुरुंद यांचं संयुग आहे, म्हणून त्याने नाव ठेवलं ‘कार्बोरंडम’. रसायन चुकलं होतं, नाव राहिलं. दोन वर्षांनी फ्रान्सचा आंरी मॉइसां अ‍ॅरिझोनातल्या एका उल्कापाषाणाचे नमुने तपासत होता. त्यातले बारीक स्फटिक त्यालाही आधी हिरेच वाटले. ते निसर्गातलं सिलिकॉन कार्बाइड निघालं आणि पुढे त्याला मॉइसानाइट हे नाव मिळालं. आज सराफ हिऱ्याला पर्याय म्हणून जे मॉइसानाइट पुढे करतात ते हेच, प्रयोगशाळेत वाढवलेलं. आणि गॅरेजमध्ये गाडीचा रंग घासायला जो काळा वॉटर पेपर वापरतात, त्यावरचे कणही हेच.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून सिलिकॉन कार्बाइडच्या रिंगा रॉडवर दिसू लागल्या आणि ‘एसआयसी’ ही तीन अक्षरं दर्जाची खूण झाली. काठिण्य साडेनवाच्या घरात, घनता घन सेंटिमीटरला 3.2 ग्रॅम, अ‍ॅल्युमिना 3.9. म्हणजे जास्त कठीण आणि वर हलकी. पण जाहिरातीत ज्या गुणाचा सगळ्यात जास्त डंका वाजवला जातो तो वेगळाच आहे: उष्णता.

त्याचा थोडा हिशेब करून बघू. मासा पळतो आहे, रीलच्या बाजूला लाईनमध्ये 5 किलोचा ताण आहे. काठी वाकलेली असल्याने टोकाच्या कड्यावर लाईन 60 अंशांनी वळली आहे. घर्षणांक 0.15 धरला तर त्या एका कड्यावर साधारण 850 ग्रॅमचा अडथळा तयार होतो. आता मासा सेकंदाला 10 मीटर, म्हणजे तासाला 36 किलोमीटर वेगाने सुटला असं समजा. तेवढ्याशा कड्यावर क्षणभर 85 वॉट उष्णता ओतली जाते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची कावी 25 ते 60 वॉटची असते.

ऐकायला भीती वाटते. ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, ज्या पॉलिएथिलीनच्या तंतूंची विणतात, तो तंतू 145 अंशांच्या आसपास वितळतो. नायलॉन त्याच्या कितीतरी पुढे, 220 च्या वर. तेव्हा ब्रेडवाल्याने काळजी करावी, असं वाटणारच. पण त्या 85 वॉटमधली बरीचशी उष्णता लाईन स्वतःच घेऊन जाते, आणि दर क्षणी कड्यावर येणारी लाईन नवी असते, बहुतेकदा ओलीही. अशी धाव टिकते काही सेकंद. धोका खरा आहे तो कोरड्या लाईनला, फार पातळ ब्रेडला आणि फार लांब धावेला. या तीन गोष्टी एकत्र येणं किनाऱ्यावरून गरवताना रोजचं नाही.

तरी उष्णता कोणती रिंग कशी वाहून नेते, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उष्णतावहनाच्या नेहमीच्या एककात सिलिकॉन कार्बाइड 100 च्या वर, अ‍ॅल्युमिना 25 ते 30, स्टेनलेस स्टील 15 च्या जवळपास आणि झिर्कोनिया जेमतेम 2 ते 3. सिलिकॉन कार्बाइडमध्ये एका बिंदूवरची उष्णता लगेच पूर्ण रिंगभर पसरते. ती पुढे चौकटीत मात्र तितक्या झपाट्याने जात नाही, कारण चौकट स्टीलची असो की टायटॅनियमची, दोन्ही उष्णतेचे मंद वाहक. हा बारकावा जाहिरातीत नसतो.

झिर्कोनियाचं नाव आलंच आहे, तर तोही सराफाच्याच ओळखीचा. अमेरिकन डायमंडचे कानातले ज्याचे असतात तो हा, थोड्या वेगळ्या रूपात. काठिण्यात तो अ‍ॅल्युमिनाच्या किंचित खाली, वजनाला जड, घन सेंटिमीटरला 6 ग्रॅम, आणि उष्णतावहनाचा जवळपास दुष्काळ. मग घ्यायचा कशाला? कारण तो सहजी तडकत नाही. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी झिर्कोनियाची ही खुबी दाखवली तेव्हा लेखाच्या मथळ्यात त्याला ‘सिरॅमिकचं पोलाद’ म्हटलं होतं, तेही प्रश्नचिन्हासकट. चीर पुढे सरकायला लागली की तिच्या तोंडाशी असलेले स्फटिक रूप बदलतात, सुमारे 4 टक्क्यांनी फुगतात आणि चीर दाबून धरतात. अ‍ॅल्युमिना किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या दुप्पट-अडीचपट चिवटपणा त्यातून येतो.

आता खरा प्रश्न. रिंगा जातात कशाने? झिजून जाणाऱ्या थोड्या, तडकून जाणाऱ्या पुष्कळ. गाडीच्या दारात काठी सापडते. स्कूटरवर आडवी बांधलेली काठी फाटकाला लागते. ल्यूरचा, म्हणजे कृत्रिम आमिषाचा, तिहेरी गळ चालताना लोंबू नये म्हणून गरवणारा तो थेट रिंगेत अडकवतो आणि खडकांवरून उड्या मारत जातो. प्रत्येक पावलाला लोखंड दगडावर आपटत राहतं. गळ अडकवायचाच असेल तर चौकटीच्या पायात अडकवावा, किंवा मुठीजवळच्या छोट्या कडीत. ती त्यासाठीच दिलेली असते. सगळ्यात नेहमीचा अपघात टोकाशी होतो. अंधारात घाईने लाईन गुंडाळताना स्विव्हल टोकाच्या रिंगेवर धाडकन आपटतं. एकदा, दोनदा, दहादा. अकराव्या वेळी केसाएवढी चीर पडते आणि मग ती कापसाची काडी शोधत बसावं लागतं.

म्हणजे काठिण्याच्या शर्यतीत पहिली आलेली रिंग आपोआप सगळ्यात टिकाऊ ठरत नाही. वाळू 7 वर आहे. 9 आणि साडेनऊ यांतला फरक तिच्या दृष्टीने नगण्य. चांगल्या घासाईचं अ‍ॅल्युमिना आणि सिलिकॉन कार्बाइड यांच्यात फेकीचं अंतर किती वाढतं, हा तर गप्पांचा आवडता विषय. पण रीलवर लाईन किती नीट भरली आहे, ती किती जाड आहे आणि गाइड कुठे बसवलेत, या तीन गोष्टींपुढे रिंगेचा वाटा किरकोळ आहे. फेक लांबवायला म्हणून रिंगा बदलणाऱ्याने आधी रील पुन्हा भरून बघावं.

वजनाचा मुद्दा मात्र किरकोळ नाही. काठी हलवताना टोकाचं वजन हाताला अंतराच्या वर्गाने जाणवतं. मुठीपासून 90 सेंटिमीटरवर असलेल्या एका ग्रॅमपेक्षा 2.7 मीटरवरचा एक ग्रॅम नऊ पट नडतो. म्हणून शेंड्याकडची कडी चिमुकली, हलकी, पातळ रिंगेची असावीत. इथेच अल्कोनाइट आणि सिलिकॉन कार्बाइड पैसे वसूल करतात. गाइडचा आकडा रिंगेच्या बाहेरच्या व्यासाचा असतो, मिलिमीटरमध्ये. रिंग जाड असली की आतलं भोक तितकंच लहान, आणि ब्रेडला जोडलेल्या लीडरची, म्हणजे टोकाच्या वेगळ्या तुकड्याची, गाठ तिथे अडखळते. तेच भोक पातळ रिंगेत मिळवायला छोटा, हलका गाइड पुरतो. 2010 च्या दशकात फुजीने आणलेली ‘टॉर्झाइट’ ही याच दिशेची उडी: फार पातळ, फार गुळगुळीत, आणि किमतीला अशी की दहा गाइडच्या पैशात एक बरी काठी यावी.

रिंगेबद्दल एवढं बोलून झाल्यावर जिच्यात ती बसते त्या चौकटीकडे यायला हवं, कारण कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर आधी मरते ती चौकट. रिंगा सिरॅमिकच्या, खाऱ्या हवेला त्या जुमानत नाहीत. चौकट स्वस्त स्टीलची, वर क्रोमचा मुलामा. मीठ शिरतं ते नेमकं जिथे हवा जात नाही तिथे: रिंग आणि चौकट यांच्या सांध्यात, आणि दोऱ्याखाली दडलेल्या पायाशी. स्टेनलेसला गंज चढत नाही हा समज अर्धा खरा. क्लोराइड साचलेल्या फटीत प्राणवायू कमी पडतो, स्टीलवरचा संरक्षक थर पुन्हा धरत नाही आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. एका पावसाळ्यानंतर इपॉक्सीखालून तपकिरी ओघळ दिसायला लागला की समजावं, पाय आतून गेला आहे. पुढे एके दिवशी रिंग सुटून पडते. साडेनऊ काठिण्याची महागडी रिंग समुद्राच्या तळाशी आणि हातात नुसती तारेची चौकट.

2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असलेलं 316 जातीचं स्टील इथे बरंच जास्त टिकतं. टायटॅनियमला तर समुद्राची फिकीरच नाही, शिवाय घनता 4.5, स्टीलची 8 च्या आसपास. महागडी टायटॅनियम चौकट आणि मधल्या दर्जाची रिंग, की साधी चौकट आणि उंची रिंग, असा पेच पडला तर खाऱ्या पाण्यासाठी पहिली जोडी घ्यावी. दुकानदार बहुधा दुसरी पुढे करेल, कारण लेबलावर रिंगेचं नाव मोठं छापलेलं असतं.

रिंगच नको, असं म्हणणारीही एक शाखा आहे. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रणातून होणाऱ्या निटिनॉलच्या तारेचे गाइड पार चपटे दाबले तरी बोट काढताच मूळ आकारात येतात. निटिनॉल अमेरिकी नौदलाच्या शस्त्र-प्रयोगशाळेत सापडलं. नावातच त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं आहेत. तडकण्याचा आणि गंजण्याचा, दोन्ही प्रश्न तिथे मिटतात. मात्र ब्रेड आणि वाळू एकत्र आली की उघडी तार सिरॅमिकपुढे टिकत नाही. हे गाइड फ्लाय रॉडवर शोभतात. तिथली लाईन जाड, प्लॅस्टिकचं आवरण असलेली, वेग कमी. म्हणून फ्लायवाले शंभर वर्षांनंतरही सापाच्या आकाराच्या साध्या तारेवर खूष आहेत आणि सिरॅमिक फक्त मुठीजवळच्या एक-दोन गाइडपुरतं वापरतात.

दुसरं टोक म्हणजे बोटीमागे ल्यूर ओढत मार्लिन आणि टूना धरणाऱ्यांचं. त्यांच्या काठ्यांवर रिंगेऐवजी फिरत्या पुल्या असतात. लाईन घासतच नाही, गडगडते. विहिरीच्या कठड्यावरून रहाटावर गेल्यासारखंच हे. पण रहाटाला तेल लागतं. मिठाने जाम झालेली पुली फिरायची थांबते आणि लाईन एकाच जागी घासत राहते. मग तिच्यापेक्षा साधी रिंग परवडली. जो माणूस प्रत्येक फेरीनंतर पुल्या उघडून धुणार नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

मग कुणी काय घ्यावं? गोड्या पाण्यात, पवईसारख्या तलावावर, जिथे राज्याच्या अँगलिंग असोसिएशनची जुनी परंपरा आहे, तिथे कटला-रोहूसाठी तंगूस टाकून तळाला बसणाऱ्याला साधं अ‍ॅल्युमिना भरपूर झालं. नायलॉन गुळगुळीत असतो, रेती फार धरत नाही, आणि मासा दमदार असला तरी त्याची धाव काही लाईन वितळवणारी नसते. त्याने पैसे चांगल्या रीलवर घालावेत. महासीर ही वेगळी जात. 1873 साली हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याने भारतातल्या गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात या माशाचं माहात्म्य मोठं. महासीरची पहिली धाव आजही गरवणाऱ्यांच्या गप्पांत असते. नदी खडकाळ, काठी सतत दगडांवर टेकणारी. इथे सिलिकॉन कार्बाइडची ठिसूळ प्रतिष्ठा मिरवण्यापेक्षा दणकट दोन पायांच्या चौकटीतली जाडसर अ‍ॅल्युमिनाची रिंग शहाणपणाची.

किनाऱ्यावरून ब्रेडने ल्यूर फेकणाऱ्याचं गणित सगळ्यात कडक. वाळू आहे, मीठ आहे, वारा आहे, आणि दिवसाला दोन-तीनशे फेकी आहेत. त्याला पुढे झुकलेल्या चौकटीचे गाइड घ्यावेच लागतात. हलकी ब्रेड वाऱ्याने वेढा घालून गाइडच्या मानेत अडकते. चौकट टोकाच्या दिशेने कललेली असेल तर तो वेढा पुढच्या लाईनच्या ओढीने आपोआप निसटतो. रिंग अल्कोनाइटच्या दर्जाची पुरते. टोकाचं एकच कडं सिलिकॉन कार्बाइडचं घ्यावं, कारण काठी वाकल्यावर लाईनचं सगळ्यात तीव्र वळण आणि सगळ्यात जास्त घर्षण तिथेच असतं. काही कारखानदारही असंच करतात. दहाच्या दहा कडी उंची घेण्यापेक्षा या एका कड्यावरचा खर्च जास्त उपयोगाला येतो.

लेबलावर विसंबू नये हे सांगितलंच. रंगही फसवा: काळी चकाकणारी रिंग सिलिकॉन कार्बाइडची असू शकते आणि काळं रंगवलेल्या अ‍ॅल्युमिनाचीही. सुटे गाइड विकत घेताना पाकिटावरची अक्षरं वाचता आली तर काम सोपं होतं. फुजीच्या पद्धतीत सुरुवातीचा टी म्हणजे टायटॅनियमची चौकट. शेवटी एसजी असेल तर रिंग सिलिकॉन कार्बाइडची, एजी असेल तर अल्कोनाइट, ओजी असेल तर साधी ओ-रिंग. मधली अक्षरं चौकटीच्या घडणीची, त्यातला के म्हणजे वर सांगितलेली झुकलेली चौकट.

टोकाचं कडं बदलायला कारागीर लागत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. ते दोऱ्याने बांधलेलं नसून नळीसारखं शेंड्यावर चढवलेलं असतं, आणि चिकटवलेलं असतं ते बहुधा उष्णतेने मऊ होणाऱ्या गोंदाने. लायटरची ज्योत नळीच्या धातूवर लांबूनच दोन-तीन सेकंद फिरवायची. काठीच्या कार्बनला आच लागू द्यायची नाही, नाहीतर आतली राळ जळते आणि शेंडा पुढे कधीतरी मोडतो. गोंद सैल झाला की फडक्याने धरून कडं सरळ रेषेत ओढायचं, पिळायचं नाही. शेंड्याची जाडी मापून तेवढ्याच नळीचं नवं कडं आणलेलं असतं. त्यात गोंदाची कांडी वितळवून एक थेंब सोडायचा, कडं चढवायचं आणि गोंद थिजायच्या आत काठी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून सगळी कडी एका ओळीत आहेत ना, ते बघायचं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. मग बादलीभर गोड्या पाण्याने काठी धुऊन, पुसून, सावलीत उभी करून ठेवायची.